सांता उर्सुलाची राखणदारीण

वारा पडतो आणि धूळ खाली बसू लागते. आधी दिसतो डोंगराचा माथा, तांबडा, जागोजागी पोखरलेला. मग उतारावरचे दगडांचे ढीग. मग रूळ, रुळांशेजारी आडवा पडलेला लोखंडी गाडा, खाणीचं काळं तोंड आणि त्या तोंडाला खेटून पत्र्याची एक खोली. खोलीच्या दारात कुत्री पसरली आहेत. दारातून एक हात बाहेर येतो आणि भांड्यातलं पाणी भिरकावतो. कुत्री उठून थोडी सरकतात, पुन्हा पसरतात. हातामागून एकावर एक चढवलेले घागरे बाहेर येतात, घागऱ्यांमागून शाल, शालीमागून दोन पांढऱ्या वेण्या आणि सगळ्यांत शेवटी टोपी. दोन्या निकासिया चोकेविल्का, म्हणजे निकासियाबाई, हजर झाली.

खालच्या पोतोसी शहरातून एक बस धापा टाकत वर येत असते. दोन्या निकासिया कमरेवर हात ठेवून तिच्याकडे बघते आणि दिवसाचं पहिलं वाक्य बोलते. ते रोजचंच.

"आली बघा वरात."

वरात म्हणजे सहलीचा गट. ही माणसं डोंगरातली गावं उरकत उरकत येत. ला पासला चेटकिणींच्या बाजारात लामाचं वाळवलेलं पिल्लू बघून किंचाळायचं, ओरुरोत सैतानाचे मुखवटे तोंडाला लावून बघायचे, सुक्रेत पांढऱ्या भिंतींना टेकून उभं राहायचं आणि पोतोसीत 'जिवंत खाण' बघायची. जिवंत खाण हे शब्द टूरच्या जाहिरातीतले. रोमुलो गाईडनं ते पहिल्यांदा वाचून दाखवले तेव्हा दोन्या निकासिया म्हणाली होती, "खाण जिवंत? होय तर. मरतात ती माणसंच."

वर येण्याआधी या मंडळींना बाजारात नेऊन खाणकामगारांसाठी भेटी घ्यायला लावत. कोकाची पानं, रंगीत गोड पाण्याची बाटली, आणि फारच हौस असेल तर सुरुंगाची कांडी. मग एका गोदामात नेऊन त्यांना पिवळा डगला, पिवळी विजार, गमबूट, दिव्याचं हेल्मेट असा सगळा साज चढवत आणि नाकातोंडावर फडकं बांधत. बसमधून उतरताना त्यांच्यात बाप्या कोण नि बाई कोण ते त्यांच्या आयांनाही सांगता आलं नसतं. सुरुंगाची कांडी दातांत धरून फोटो काढून घेणारा एकतरी त्यांच्यात असायचाच.

"धर, घट्ट धर," दोन्या निकासिया पुटपुटायची. "काडी मी लावते."

ती चकाकणारे दगड फडक्यावर मांडून बसायची. एखादी बाई वाकून विचारायची, "ही चांदी आहे का?"

"चांदी असती तर मी इथं बसले असते का बाई? आणि तुला तरी कुणी इथवर येऊ दिलं असतं का?"

तरी लोक दगड घ्यायचे. फोटो मात्र ती काढू देत नसे. कॅमेरा वर झाला की टोपी डोळ्यांवर ओढायची आणि कुत्र्यांना हाक मारायची. कुत्री तशी गरीब होती, पण परदेशी माणसांना ते ठाऊक नव्हतं.

तिचा जन्म याच उतारावरचा. आई दगडांच्या ढिगाऱ्यावर बसून हातोडीनं धातू वेगळा काढायची, आणि पोर तिच्या पाठीवर शालीत बांधलेली. निकासिया चालायला शिकली ती दगडांवर, आणि हातात हातोडी आली तेव्हा तिला ती नवी वाटलीच नाही. तरुणपणी ती देखणी होती. हे ती स्वतःच सांगायची, आणि ऐकणारा गप्प बसला तर पुन्हा सांगायची.

कार्निव्हलच्या आधी खाणकामगार डोंगरावरून वाजतगाजत खाली उतरायचे. खांद्यावर ख्रिस्ताची मूर्ती, डोक्यावर रंगीत कागदांचा पाऊस, आणि सगळ्यांच्या पुढे ट्रंपेट वाजवणारा इलारिओ. सगळं शहर गच्च्यांवर यायचं. तिच्या मते तसा कार्निव्हल पुन्हा झाला नाही, हल्लीचे बँडवाले वाजवतात कमी आणि स्वतःकडे बघतात जास्त. "गाल असे फुगवायचा माझा इलारिओ," ती सांगायची, "की मला वाटलं, हा आता फुटणार. कुणीतरी सावरायला हवं, म्हणून लग्न केलं."

पुष्कळ वर्षं सावरलं. मग एका सकाळी या सांता उर्सुला खाणीच्या आडबोगद्यात छत खाली आलं आणि इलारिओ त्याखाली राहिला. सोबत्यांनी उकरायला घेतलं, पण ते उकरतील तेवढं वरून खाली येत होतं, तेव्हा त्यांनी हात टेकले. पाद्री आला, खाणीच्या तोंडाशी उभा राहून त्यानं आत पाणी शिंपडलं आणि वारा फार आहे म्हणून लवकर गेला. निकासिया बाहेरच उभी होती. तिला कुणी आत नेलं नाही, आणि न्या असं ती म्हणालीही नाही, कारण या डोंगरात बाई आत जात नाही. धरणी म्हणजे पाचामामा, ती मत्सरी. दुसरी बाई आत आली की ती रुसते आणि धातूची शीर लपवून ठेवते. हे इथं पोरांना बोलायच्या आधी कळतं.

सहकारी मंडळानं विधवेला राखणदारीण केलं. हत्यारं सांभाळायची, चोर हाकलायचे, खोलीत राहायचं. नवरा आत, बायको दारात. मृतांच्या सणाला सगळं शहर पावाच्या बाहुल्या आणि जेवण घेऊन दफनभूमीत जायचं, तेव्हा ती आडव्या पडलेल्या गाड्यावर कापड अंथरून इलारिओचं पान मांडायची. वाऱ्यानं कापड उडायचं आणि कुत्री पावावर डोळा ठेवून असायची.

आणि मग सुरू झाल्या या सहली. पहिल्या दिवशी पिवळ्या डगल्यांतल्या बाया खिदळत तिच्यासमोरून आत शिरल्या, तेव्हा तिनं मंडळाचा मुकादम सेवेरो याला थांबवलं.

"सेवेरो, ह्या कोण?"

"ग्रिंगा. परदेशातल्या."

"बायाच ना?"

"बाया कसल्या? ग्रिंगा त्या. धरणी त्यांना मोजत नाही."

"का? त्यांना काय कमी आहे?"

सेवेरोनं कोकाचा तोबरा या गालातून त्या गालात सरकवला. विचार करायचा असला की तो तसं करी. "घागरा नाही," तो म्हणाला.

दोन्या निकासिया त्यावर आठवडाभर हसत होती. पण हसता हसता ती रोज बघत होती की जगभरच्या बाया तिच्या नवऱ्याला भेटून येताहेत.

आता रोमुलोविषयी सांगायला हवं. बाप्तिस्म्याच्या वेळी तिनंच त्याला हातांवर धरलं होतं, म्हणून तो तिला माद्रिना, म्हणजे धर्माची आई, म्हणायचा आणि इलारिओला पाद्रिनो. तरुणपणी खाणीत उतरला, खोकला लागला, मग गाईड झाला. तोंड गोड, हात नाटकी. रोज गट आत नेण्याआधी तिच्या पाया पडल्यासारखा वाकायचा आणि तिच्यासाठी खालून गरम गरम आपी आणायचा, जांभळ्या मक्याचं पेय. तिचा त्याच्यावर जीव होता. खालच्या जगातलं तेवढं एकच माणूस तिला कामाचं वाटायचं.

एका सकाळी आपीचा पेला तिच्या हातात देत तो म्हणाला, "माद्रिना, वरचा डोंगर खचतोय. पाद्रिनोचा बोगदा पुढच्या आठवड्यात दगड भरून बुजवणार. आमच्या टूरसुद्धा आता दुसऱ्या खाणीत जातील."

तिनं पेला तसाच खाली ठेवला आणि सेवेरोला गाठलं.

"सेवेरो, मला एकदा आत जाऊ दे. पाव ठेवते आणि येते."

"डोकं फिरलंय का, दोन्या? मंडळाचे भागीदार मला फाडून खातील. शीर आधीच बारीक झालीय."

"मग शिरेला सांग, मी ग्रिंगा आहे."

"चेष्टा नको. पाव माझ्याकडे दे, मी ठेवतो."

"तू? वाटेत खाशील."

सेवेरोचा चेहरा उतरला, कारण ते अगदीच अशक्य नव्हतं. मग तो मुकादमाच्या आवाजात म्हणाला, "ऐक. आत पाऊल टाकलंस तर खोली रिकामी करावी लागेल. मी सांगून ठेवतो."

त्या खोलीखेरीज तिला जगात दुसरं छप्पर नव्हतं. ती परत आली, पत्र्याच्या भिंतीला पाठ लावून बसली आणि त्या दिवशी तिनं एकही दगड विकला नाही.

शेवटचा गट आला तो बहुतेक स्पेनमधला होता. त्यात मोन्सेरात नावाची एक उंच, हाडकुळी म्हातारी होती. बसमधून उतरताच तिनं तोंडावरचं फडकं खाली ओढलं; ओठ निळे पडले होते. इथली हवा विरळ, नव्या माणसाला ती पुरत नाही. रोमुलो बाकीच्यांना गमबुटांचे पट्टे आवळायला सांगत होता. दोन्या निकासियानं म्हातारीचा दंड धरला, तिला खोलीत आणून खाटेवर बसवलं आणि तिच्या तोंडात कोकाची पानं कोंबली.

"चाव. गिळू नकोस. तुझ्या पणज्यांनी इथली चांदी नेली, निदान धाप तरी इथं ठेवून जा."

म्हातारीला हसू आलं आणि हसल्यानं आणखी धाप लागली. "मी आत नाही जात," ती कशीबशी म्हणाली. "एवढ्या लांबून आले आणि..."

"आतमध्ये काय ठेवलंय तुझं?"

"माझं? काहीच नाही."

"माझं आहे," दोन्या निकासिया म्हणाली. तिनं दार लोटलं. "काढ तो डगला."

कधी कधी दोन म्हाताऱ्यांना एकमेकींना फार समजावून सांगावं लागत नाही. मोन्सेरातनं बंद सोडले. निकासियानं घागरे उतरवले, एक, मग दुसरा, मग तिसरा, आणि म्हातारी गारठून जाईल म्हणून ते सगळे तिच्या अंगावर चढवले. वर शाल, वर टोपी. स्वतः पिवळ्या विजारीत शिरली, वेण्या डगल्यात खुपसल्या, पावाची बाहुली आणि थोडी पानं छातीशी धरली, तोंडावर फडकं बांधलं. आरसा नव्हता हे बरंच झालं.

"कशी दिसते?" तिनं विचारलं.

"प्रवासी," मोन्सेरात म्हणाली.

"मेल्यागत म्हण," निकासिया म्हणाली आणि बाहेर पडली. कुत्र्यांनी तिच्यावर भुंकून घेतलं. रोमुलोनं डोकी मोजली, भरली, आणि वरात आत निघाली.

खाणीबद्दल तिनं जन्मभर पुरुषांच्या तोंडून ऐकलं होतं. दोन घोट पोटात गेले की ते असं बोलायचे, जणू आत खांबांचे महाल आहेत आणि ते रोज तिथं दरबार भरवून येतात. ती वाकून चालत होती आणि बघत होती. घोट्यापर्यंत चिखल. गळणारे नळ. रिकाम्या बाटल्या. लघवीचा वास. एका कोनाड्यात कुणाचा तरी फाटका मोजा. एवढंच? या मोज्यासाठी धरणी मत्सर करणार होती?

पुढं तिओ होता, खालच्या अंधाराचा मालक, शिंगं असलेला मातीचा पुतळा. रोमुलोनं त्याच्या तोंडात सिगारेट खोचली, आवाज घोगरा केला, तिओच्या मांडीवर थाप मारली. लोक हसले. दोन्या निकासिया शेवटी राहिली, तिनं चिमूटभर पानं तिओच्या पायाशी ठेवली आणि मान लववली. 'माफ कर त्याला,' ती मनात म्हणाली, 'लहानपणी बरा होता.'

मग रोमुलोनं सगळ्यांना एका आडबोगद्यासमोर उभं केलं आणि दिवे विझवायला लावले. काळोख झाला. त्यात त्याचा आवाज उमटला, हळू, थरथरता, तालमीत घोटून घोटून बसवलेला.

"मित्रहो, इथं माझा पाद्रिनो झोपलाय. इलारिओ त्याचं नाव. त्याची बायको सुंदर होती आणि बेइमान. एका ट्रकवाल्याचा हात धरून ती ओरुरोला पळून गेली. त्या दिवशी इलारिओ दारू पिऊन इथं आला आणि तिओच्या तोंडावर थुंकला. तिओनं छत सोडलं. शेवटच्या श्वासापर्यंत तो तिचं नाव घेत होता. अजूनही कान दिलात तर ऐकू येईल..."

सगळ्यांनी कान दिले. कुणीतरी हुंदका दिला. "बिचारा," एक बाई म्हणाली, "आणि ती सटवी!"

रोमुलोनं दिवा लावला. एका दगडावर फुटकं हेल्मेट ठेवलेलं होतं आणि त्याच्याभोवती आजवरच्या गटांनी टाकलेली पानं, सिगारेटी, परदेशी नाणी.

तेवढ्यात मागून आवाज आला.

"कुठला ट्रकवाला रे, रोमुलो? नाव तरी सांग त्याचं. एवढी वर्षं त्याच्याबरोबर पळालेय, अजून ओळख नाही झाली."

फडकं खाली आलं. वेण्या बाहेर आल्या. रोमुलोनं दिवा तिच्या तोंडावर वळवला. आणि गटानं, देवा, त्या गटानं टाळ्या वाजवल्या! त्यांना वाटलं, हाही प्रयोगाचाच भाग. कुणीतरी "वा!" म्हणालं. त्या सटवी म्हणणाऱ्या बाईनं तर डोळे पुसत फोटो काढला.

"माद्रिना," रोमुलो पुटपुटला, "खरं सांगितलं की लोक गप्प होतात. मग बाहेर पडेपर्यंत कुणी बोलत नाही."

"मग होऊ दे की गप्प! तोंडं काय भाड्यानं आणलीत त्यांनी?" ती गटाकडं वळली. "इलारिओ दारू प्यायचा नाही. दम पुरत नाही म्हणायचा, ट्रंपेट वाजवायला. त्या सकाळी तो भाकरी बांधून घेऊन कामाला आला, आणि छत पडलं. गोष्ट संपली. त्याची बायको दारात बसून तुम्हाला दगड विकते. आता वाजवा टाळ्या."

कुणी वाजवल्या नाहीत.

"हे हेल्मेट कुणाचं?" तिनं विचारलं.

"जुन्या बाजारातून आणलं," रोमुलो म्हणाला.

तिनं ते उचलून त्याच्या छातीवर ढकललं. "जा आता. तुझी वरात खोळंबलीय."

ते पुढं गेले आणि ती एकटी राहिली. कोसळलेल्या दगडांच्या त्या ढिगाऱ्यासमोर ती मांडी घालून बसली आणि पावाची बाहुली तिथं टेकवून ठेवली. रडली नाही. त्याला घरच्या बातम्या सांगितल्या. छप्पर गळतं, तपकिरी कुत्री म्हातारपणानं गेली, रोमुलो वाया गेला पण मनानं वाईट नाही. एवढं बोलून ती उठली. गुडघे धरून उठावं लागलं, म्हणून तिनं ढिगाऱ्यावर हात टेकला आणि तो थोडा वेळ तसाच राहू दिला.

इकडं बाहेर सेवेरो फावडं न्यायला खोलीशी आला होता. दारात टोपी, शाल, घागरे बघून तो सवयीनं म्हणाला, "दोन्या, फावडं दे." टोपी वर झाली आणि तिच्याखाली निळ्या डोळ्यांची, निळ्या ओठांची एक परदेशी बाई निघाली. ती अदबीनं म्हणाली, "दोन्या आत गेल्यात. निरोप सांगू का?"

सेवेरो म्हणे क्रूसाची खूण करून मटकन खालीच बसला.

मोन्सेरात जाताना शाल परत करायला विसरली नाही, पण रडत मात्र होती. "रडू नकोस," दोन्या निकासियानं तिला सांगितलं, "श्वास पुरणार नाही." रोमुलो दुसऱ्या दिवशी आपी घेऊन आला. तिनं पेला घेतला, प्याली, आणि त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही. बरेच दिवस बोलली नाही. आपी मात्र घेत राहिली.

भागीदारांमध्ये कुजबुज सुरू झाली. सगळे शीर लपायची वाट बघत होते. दगड भरून आडबोगदा बुजवला गेला तरी शीर जिथल्या तिथं होती, पहिल्याइतकीच बारीक, पहिल्याइतकीच कंजूष. शुक्रवारी तिओला पानं-दारू द्यायच्या दिवशी सगळे खाणीच्या तोंडाशी जमले. सेवेरोनं तोबरा या गालातून त्या गालात घेतला.

"दोन्या निकासिया, तू आत गेलीस हे खरं?"

"खरं."

"खोलीचं काय ठरलं होतं?"

"सेवेरो, घागरा कुठं होता माझ्या अंगावर? तो तर त्या स्पेनच्या बाईनं घातला होता. तुझ्याच हिशोबानं बाई बाहेर बसली होती आणि आत गेली ती ग्रिंगा."

भागीदारांत कुणीतरी फिसकन हसलं, मग दुसरा, मग सगळेच. सेवेरोला हसू आवरत नव्हतं, पण मुकादमानं हसायचं नसतं.

"बरं बरं, राहा खोलीत," तो म्हणाला. "पण इथं, सगळ्यांसमोर, पाचामामाची शपथ घे. पुन्हा आत पाऊल टाकणार नाहीस."

दोन्या निकासियानं टोपी नीट केली आणि एकेकाच्या तोंडाकडं बघितलं.

"कशाला टाकू? मला वाटायचं, आत काहीतरी असेल, म्हणून बायांना येऊ देत नाहीत. आत माझा इलारिओ आहे, त्याच्याखेरीज काही म्हणजे काही नाही. हेच लपवत होतात होय रे, इतकी वर्षं?"